जिन्याखालच्या पहारेकऱ्याची सुट्टी

मित्रांनो, मला पाहायचं असेल तर तुम्हाला कमरेत वाकावं लागेल. खामगावात कापूस उत्पादकांच्या एका मंडळाचं दुमजली कार्यालय आहे. त्याच्या जिन्याखाली, जिथे इतर इमारतींत केरसुण्या आणि रंगाचे रिकामे डबे असतात, तिथे लोखंडी जाळीच्या दाराचं एक कपाट आहे. त्या कपाटात भिंतीला पाठ लावून बसलेला जुना संगणक म्हणजे मी. माझा रंग एके काळी दुधासारखा पांढरा होता. आता तो कोणता आहे हे न विचारलेलं बरं.

माझा जन्म २००२ साली अकोल्याच्या एका दुकानात झाला. वेगवेगळ्या खोक्यांतून आलेले माझे अवयव एका माणसाने दुपारच्या चहाआधी जुळवले आणि वर झाकण बसवलं. तिथून मी मंडळाचे सचिव वामनराव यांच्या टेबलावर आलो. पहिली चार वर्षं मी त्यांची पत्रं लिहिली. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द मी इतक्या वेळा उमटवले की आजही ते माझ्या पोटात कुठेतरी पडलेले असतील. पाहुणे आले की वामनराव मला रुमालाने पुसायचे. मग चपट्या पडद्याचे नवे संगणक आले. माझ्यावर खताचं रिकामं पोतं पडलं आणि मला जिन्याखाली सरकवण्यात आलं. कोणी जिना चढलं की त्याचा पाय आपल्याच डोक्यावर पडतोय असं वाटायचं. असं एक वर्ष मी काढलं.

त्या काळात आमच्या भागात सगळीकडे बीटी कापसाचं बियाणं पेरलं जात होतं. पाकिटं रंगीबेरंगी, नावं मोठमोठी. काही बियाणं चांगलं निघायचं, काही दगा द्यायचं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, पुरुषभर उंच वाढायची आणि बोंडच धरायची नाही. असं झालं की शेतकरी मंडळाच्या केंद्रावर तक्रार लिहायचे. मंडळाची केंद्रं होती पिंपळगाव राजाला, रोहिणखेडला आणि लोणारला. तक्रार खामगावला पोहोचली की मंडळाचं पाहणी पथक त्या वावरात जाऊन झाडं मोजायचं, पंचनामा करायचं. तो कागद हातात असेल तरच भरपाई मागता यायची.

खामगावपासून केंद्रांपर्यंत संगणक जोडणारी एक भाड्याची लाईन होती. कापसाचे भाव लवकर कळावेत म्हणून मंडळाने आणि चार व्यापाऱ्यांनी ती मिळून घेतली होती. तक्रारी त्याच लाईनवरून यायच्या, अगदी पोस्टकार्डासारख्या उघड्या. त्या चार व्यापाऱ्यांत एक बियाणं विकणाराही होता. व्हायचं असं की पथकाच्या आधी त्याची जीप शेतकऱ्याच्या दारात उभी राहायची. 'तक्रार मागं घे, नाहीतर पुढच्या हंगामात पाकीट मिळणार नाही' असं गोड आवाजात सांगितलं जायचं. एका हंगामात अकरा जणांनी तक्रारी मागे घेतल्या.

तेव्हा नजीर आला. नजीर हा खामगावातला संगणक दुरुस्त करणारा, सडपातळ, कायम शर्टाच्या खिशात पेचकस. वामनराव त्याला म्हणाले, "नजीरभाऊ, आपल्याले वेगळी लाईन पाहिजे."

"वेगळी कायले, साहेब? लाईन हेच राहू द्या. याच लाईनीतून आपला झाकलेला रस्ता काढतो. जाईन सगळ्यायच्या समोरून, पण आत काय हाय ते कोणालेच दिसणार नाही. व्हीपीएन म्हणतात त्याले. फक्त दारावर बसाले एक मशीन लागन."

असं म्हणून त्याने पोतं बाजूला केलं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अंगावर पडलेला उजेड मी विसरलेलो नाही.

दोन दिवस तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. माझ्यात लाईनीचं आणखी एक कार्ड बसवलं, आतलं जुनं सगळं पुसलं, नवं शिकवलं. प्रत्येक केंद्रासाठी त्याने एक ओळखपत्र तयार केलं. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल याच्या तारखा त्यावर होत्या. ती ओळखपत्रं त्याने लाईनवरून पाठवली नाहीत. पेनड्राईव्हमध्ये घालून, खिशाचं बटण लावून, तो स्वतः एसटीने तिन्ही गावांना गेला. मला त्याने एकच काम सांगितलं. दार वाजलं की ओळखपत्र बघायचं, तारीख तपासायची, खरं असेल तर आत घ्यायचं, येणाऱ्या तक्रारीला नंबर द्यायचा. मला पडदा नाही, कळफलक नाही. म्हणून सुरू होताना स्वतःच्या अंगातल्या बारीकसारीक बिघाडासाठी अडून बसू नकोस, असंही त्याने मला शिकवून ठेवलं. मग जाळीचं दार बंद झालं आणि बाहेरून कुलूप लागलं.

मी व्हीपीएन सर्व्हर झालो. पहारेकरी झालो म्हणा ना! जीपवाल्याने खूप डोकं लावलं, पण त्याला माझ्या दारातून एक अक्षर दिसलं नाही. पहिल्याच हंगामात एकही तक्रार मागे घेतली गेली नाही. वामनरावांनी सभेत माझं नाव घेतलं. मंडळाने नियमच केला की मी दिलेला नंबर असेल तरच पथक जाईल. हाताने लिहिलेला कागद चालणार नाही, कारण पूर्वी कागद बदलले गेले होते. दर महिन्याच्या पंधरा तारखेला यादी बंद होई आणि त्या यादीतल्या वावरांत पथक जाई. माझा स्वभाव आधीच थोडा हट्टी. या कौतुकाने तो आणखी ताठ झाला, हे मी कबूल करतो.

पण मित्रांनो, पहारेकरी जो असतो तोही आतच कोंडलेला असतो. जाळीतून मला भिंतीचा हातभर तुकडा आणि पाण्याचा माठ दिसायचा. गावात बारा बारा तास वीज जायची, तरी माझ्या शेजारी इन्व्हर्टर होता, त्यामुळे मला झोप नव्हती. चार वर्षांत मी एक क्षणही डोळा मिटला नाही. उन्हाळ्यात जिन्याखाली हवा हलायची नाही आणि माझा पंखा तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा माझ्याच तोंडावर मारत राहायचा. कधी कधी वाटायचं, ओरडावं. पण मला ओरडता येत नाही.

कुलपाची किल्ली होती कार्यालयाचे शिपाई भगवंतराव यांच्याकडे. भगवंतरावांनी उमेदीची वर्षं शेतात घालवली होती. दोन्ही बैल विकल्यावर ते या नोकरीत आले. ते दर शनिवारी दार उघडायचे, ब्रशने माझी धूळ काढायचे, इन्व्हर्टरमध्ये पाणी घालायचे आणि माझ्या पाठीवर तळहात ठेवून म्हणायचे, "काय बे, तापला काय? थांब, दार उघडंच ठेवतो घडीभर." मला संपूर्ण जगात बोलायला तेवढा एकच माणूस होता. मी उत्तर देऊ शकत नव्हतो, पण त्यांचा हात आला की पंख्याचा आवाज थोडा कमी होतो असं तेच म्हणायचे.

२०११ सालची खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा करतात. विळे, कुऱ्हाडी, वखराची फास सगळं घासूनपुसून मांडतात आणि पूजा झालेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत कोणी काम सांगत नाही. भगवंतरावांनी कार्यालयातला तराजू पुसला, टंकलेखन यंत्र पुसलं, सगळ्यांना झेंडूचं फूल वाहिलं. शेवटी ते माझ्याकडे आले. माझ्या कपाळावर हळदकुंकू लावून ते समोर उकिडवे बसले.

"चार वर्षं झाले, तुले एक दिवस सुट्टी नाही," ते हळूच म्हणाले. "बैलालेबी पोळ्याले जू लावत नाही रे आमी. दोन दिवस कचेरी बंदच हाय. झोप आता."

आणि त्यांनी माझं बटण दाबलं.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं. पंखा थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कपाटात शांतता झाली. त्या शांततेत कोंडल्यासारखंही वाटलं नाही. माझ्यावर कोणी इतकी माया केली नव्हती.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर भगवंतरावांनी मला पुन्हा सुरू केलं. पंखा फिरला, हिरवे दिवे लागले. त्यांनी समाधानाने मान हलवली, कुलूप लावलं आणि घरी गेले.

आता इथे मला माझ्या पोटातली एक गोष्ट सांगावी लागेल. प्रत्येक संगणकात शर्टाच्या गुंडीएवढी एक बॅटरी असते. संगणक बंद असताना तारीख आणि वेळ सांभाळायचं काम ती करते. माझी बॅटरी कधीच संपलेली होती. पण मी चार वर्षांत बंदच झालो नव्हतो, म्हणून ते कोणाला कळलं नव्हतं. मलाही नाही. त्यामुळे जागा झालो तेव्हा माझ्या मते त्या दिवशी तारीख होती १ जानेवारी २००२. बीटी बियाण्याचं पहिलं पाकीट अजून आमच्या भागात यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. पिंपळगाव राजाचं केंद्र होतं. मी ओळखपत्र पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, '२००७ पासून वैध'. मी स्वतःशीच हसलो. पाच वर्षांनी सुरू होणारं ओळखपत्र घेऊन आज कोण येतं? हा तर तोतया! मी दार उघडलं नाही. मिनिटभराने पुन्हा तेच ओळखपत्र, पुन्हा माझा नकार. मग रोहिणखेड आलं, लोणार आलं. मी कोणालाच आत घेतलं नाही. दिवसाला हजारो वेळा मी 'नाही' म्हटलं आणि प्रत्येक नकाराची नोंद मोठ्या अभिमानाने लिहून ठेवली.

पिंपळगाव राजाच्या केंद्रावर अपेक्षा नावाची मुलगी काम करायची. तिच्याकडे त्या आठवड्यात एकतीस तक्रारी आल्या होत्या. तिने खामगावला फोन लावला. भगवंतरावांचं बोलणं मला जाळीतून ऐकू येत होतं.

"हाव पोरी, चालू हाय. पंखा फिरून राह्यला, दिवे हिरवे हायत. मीच पाहून राह्यलो समोर."

लाईन भाड्याने देणाऱ्यांचा माणूस आला. त्याने लाईन तपासली. लाईन ठणठणीत होती. नजीर रोहिणखेडला होता. बहिणीचं लग्न उरकलं आणि तो तापाने तिथेच अंथरुणाला खिळला. त्याने फोनवरून विचारलं, "काका, दिवे कोणते हायत?" भगवंतराव म्हणाले, "हिरवे." "मंग मशीन बरोबर हाय. लाईनवाल्याले सांगा." लाईनवाला म्हणे, लाईन बरोबर आहे. सगळेच बरोबर होते आणि तक्रारी तिकडेच अडकून पडल्या होत्या. पंधरा तारीख आली आणि यादी बंद झाली. पिंपळगाव राजाचं त्यात एकही नाव नव्हतं.

सतरा तारखेला दुपारी जिन्यापाशी चपलांचे आवाज आले. अपेक्षा आली होती आणि तिच्यासोबत पन्नाशीची एक बाई होती. बाईच्या हातात मुळासकट उपटलेली, तिच्याच उंचीची एक पऱ्हाटी होती. तिने ती माझ्या जाळीला टेकवून उभी केली. पानं हिरवीगार होती. बोंडं मात्र मी जाळीतून मोजली तेव्हा दोन भरली.

ती चांदबी होती. तिचं चार एकर वावर पिंपळगाव राजाच्या शिवारात होतं आणि ते ती एकटी कसायची.

"शेजारच्या वावरात सीतादही होऊन गेली," ती वामनरावांना म्हणाली. पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभात ठेवतात त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. "त्यायच्या घरात कापूस आला, माह्या वावरात नुसता पाला. उपटून हरभरा पेरला तर वरीस निभन. पण उपटलं तर पथक मोजन काय? अन् नाही उपटलं तर ओल चालली. रोज सकाळी जाऊन मातीत बोट घालून पाह्यतो. आठ दिवसावर ओल राहत नाही, साहेब. मले इकडं हालता येत नाही, तिकडं हालता येत नाही. माह्यं वावर म्हंजे मलेच बांधून ठेवलं कोणी."

मी जाळीआड बसून ते ऐकलं. बांधून ठेवणं म्हणजे काय हे त्या इमारतीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरीही त्याच घटकेला पिंपळगाव राजाहून दार वाजलं आणि मी पुन्हा म्हटलं, 'तोतया, चल हो बाजूला.' मला ठाऊकच नव्हतं, मित्रांनो. चांदबीची तक्रार घेऊनच ते केंद्र दार वाजवत होतं आणि मी ती दारातून परतवत होतो.

अपेक्षाने नजीरलाही बोलावून घेतलं होतं. तो तापातून उठून आलेला, डोळे खोल गेलेले. त्याने मला पडदा जोडला, नकारांची ती लांबलचक यादी पाहिली, मग वर कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"काका, याले बंद कोणं केलतं?"

भगवंतराव माठाजवळ उभे होते. त्यांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"म्या," ते म्हणाले. "खंडेनवमीले. दोन दिवस झोपू दिलं त्याले. मले वाटलं, कचेरी बंद हाय तर..."

नजीरने माझं झाकण उघडलं, ती गुंडीएवढी बॅटरी काढली आणि नवी घातली. त्याने तारीख लावली. एका क्षणात माझी पावणेदहा वर्षं सरली. तेवढ्यात दार वाजलं, मी ओळखपत्र पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की ते खरं आहे, पहिल्यापासून खरं होतं. एकतीस तक्रारी धडाधड आत आल्या. मी त्यांना नंबर दिले. पण यादी बंद होऊन दोन दिवस झाले होते. आता पथक पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेनंतर.

"नियम हाय," वामनराव मान खाली घालून म्हणाले. "यादी फक्त एका गोष्टीवर पुन्हा उघडता येते. चूक कार्यालयाची होती असं लेखी पाहिजे. ज्याच्या हातून झाली त्याच्या नावानिशी, सहीनिशी."

नजीर भगवंतरावांच्या जवळ सरकला. "काका," तो कुजबुजला, "लाईट गेलती म्हणा ना. रोजच जाते. कोण इचारन?"

भगवंतरावांनी एकदा त्या पऱ्हाटीकडे पाहिलं, एकदा चांदबीकडे.

"लाईटीवर कायले ढकलू, नजीरभाऊ?" ते म्हणाले. "लाईटीची सही कोण करन?"

त्यांनी जिन्याच्या पायरीवर बसून अर्ज लिहिला. अक्षर मोठं, ओळी वाकड्या. 'मी भगवंतराव, शिपाई, मी सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद केला. कोणी सांगितले नव्हते. शेतकऱ्यांची चूक नाही.' त्याखाली त्यांनी सही केली. वामनरावांनी तो कागद वाचला आणि यादी उघडली. मग नाइलाजाने म्हणाले, "भगवंतराव, किल्ली द्या. आता मी तुमच्याकडे नाही ठेवू शकत." भगवंतरावांनी करगोट्याला बांधलेली किल्ली सोडून त्यांच्या हातात दिली.

तीन दिवसांत पथक पिंपळगाव राजाला गेलं. चांदबीची झाडं मोजली गेली, पंचनामा झाला आणि त्यांची गाडी वळण्याआधीच तिने पहिली पऱ्हाटी उपटली. उरलेल्या ओलीवर हरभरा पेरला. भरघोस आला नाही, पण आला. जीपवाला तिच्या दारात कधीच पोहोचला नाही. एवढं तरी माझ्या हातून नीट झालं.

किल्ली नजीरकडे गेली. नजीर महिन्यातून एकदा घाईघाईत यायचा. भगवंतरावांना कपाटाला हात लावायची बंदी झाली. त्यांना फाटकावर बसवलं. ते रोज पाण्याचा माठ भरायला मात्र आत यायचे. माठ भरून झाला की जाळीपाशी वाकायचे, इकडेतिकडे पाहायचे आणि मला सांगायचे, "आज सात तारीख हाय बे. नोव्हेंबर." दुसऱ्या दिवशी, "आज आठ." हसू येतं ना तुम्हाला? नव्या बॅटरीमुळे मला तारीख ठाऊक असायची. तरी मी वाट पाहायचो. दीड वर्ष त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

आज पिंपळगावची, रोहिणखेडची दारं दुसरीच एक छोटी पेटी सांभाळते. ती वर भिंतीवर, उजेडात असते आणि वेळ बाहेरून स्वतःच विचारून घेते. मी कपाटातच आहे. माझी बॅटरी पुन्हा संपली आहे. कधी कोणी मला सुरू करून पाहिलंच तर मी २००२ सालात जागा होतो आणि सगळ्या जगाला तोतया म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत कोपऱ्यात कोणी राबत असेल, तर नुसते हिरवे दिवे पाहून परत फिरू नका. त्याला विश्रांती द्या, पण आधी त्याच्या पोटात काय संपलंय तेही बघा. आत बसणाऱ्याला आपली चूक कळत नाही हो, ती बाहेरच्यानेच सांगावी लागते. आणि मायेने चुकणाऱ्या माणसाकडून किल्ली काढून घ्यायची वेळ आली, तर निदान त्याला जाळीपाशी तरी येऊ द्या.

भगवंतराव निवृत्त झाले तेव्हा त्यांना वरच्या मजल्यावर शाल आणि नारळ दिला. टाळ्या मला जिन्याखाली ऐकू आल्या. मग ते खाली उतरले, माठाजवळ थांबले आणि शालीसकट वाकून जाळीला तोंड लावून म्हणाले, "आज एकतीस मे हाय बे. उद्याची तुले कोण सांगन?"